सालोमालोचा मेनू

आईचा डीव्हीडी प्लेअर दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बंद पडला. दुरुस्तीवाल्याने तो उघडला, लेन्स गेलीय म्हणाला, आणि ‘आता हे कोण वापरतं?’ अशा नजरेने माझ्याकडे बघितलं. मलाही ते पटलं. मी घरी येऊन एका पेनड्राइव्हवर साठेक सिनेमे भरले, टीव्हीच्या मागच्या खाचेत तो खोचला, रिमोटवरची चार बटणं आईला दाखवली आणि पुण्याला परतलो. डिस्कांचं खोकं माळ्यावर गेलं. एक काम मार्गी लागलं असं मला वाटलं.

दिवाळीला गेलो तेव्हा पेनड्राइव्ह तिथेच होता, त्यावर धूळ होती.

“आई, सिनेमे बघतेस ना?”

“नाही रे. त्यात सगळं इंग्रजीत येतं. एकदा लावला तर भलताच मारामारीचा लागला. मग मागे कसं जायचं ते कळेना. बटणच बंद केलं शेवटी.”

मी टीव्ही लावून पाहिला. निळ्या पडद्यावर रोमन अक्षरांतली फायलींची यादी. नावं अर्ध्यावर तुटलेली, पुढे तीन टिंबं. ‘संत तुकाराम’ हा सिनेमा ‘एस’खाली चाळिसाव्या ओळीवर, आणि त्याच्या नावात सिनेमाच्या नावापेक्षा वर्ष, रिझोल्यूशन आणि कोडेक यांचीच अक्षरं जास्त. आई मराठी सातवी शिकलेली आहे. सहा महिने तिने एकही सिनेमा बघितला नव्हता आणि फोनवर मी दर रविवारी तिच्याशी बोलत होतो.

डिस्कच्या काळात हीच बाई सगळं स्वतः करायची. वेष्टनावरचं चित्र बघून डिस्क निवडायची, खणात ठेवायची, खण आत ढकलायची. थोड्या वेळाने पडद्यावर एक चित्र यायचं आणि अर्ध्या मिनिटाचं संगीत पुन्हा पुन्हा वाजू लागायचं. ती त्याला मेनू म्हणत नसे. मेनू म्हणजे तिच्या लेखी लग्नातल्या जेवणाचा बेत. ती म्हणायची ‘पहिलं पान’. पहिलं पान आलं की सिनेमा तयार आहे, आपण तयार झालो की मधलं बटण दाबायचं. “वाजू दे तोवर, मी कुकर लावून येते,” असं म्हणून ती आत जायची आणि सिनेमा तिच्यासाठी थांबून राहायचा.

प्लेअर गेला तेव्हा मी तिला सिनेमे परत दिले होते. पहिलं पान मात्र दिलं नव्हतं. ते बनवण्याच्या खटाटोपात मी पुढचे पाच-सहा महिने घालवले, आणि त्या निमित्ताने ज्या गोष्टीकडे मी कधी ढुंकूनही बघितलं नव्हतं तिच्याबद्दल विचार करू लागलो. मेनू हा सिनेमाचा भाग आहे का? नसेल, तर तो कुणाचा आहे?

चार रंगांची चौकट

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली. तिच्या मेनूची घडण समजून घेतली की त्या काळच्या मेनूंचं रंगरूप एकदम उलगडतं. मागे एक चित्र किंवा छोटी चित्रफीत, आणि तिच्यावर सबटायटलांसाठीच असलेला एक पातळ थर. बटण उजळतं ते या थरात, आणि तिथे एका वेळी चारच रंग, त्यातला एक बहुधा पारदर्शक ठेवावा लागतो. म्हणून मागची चित्रफीत कितीही देखणी असो, निवडलेल्या शब्दाभोवती तो बटबटीत पिवळा किंवा लाल डाग दिसायचाच. एका पानावर जास्तीत जास्त छत्तीस बटणं. प्रत्येक बटणाला सांगून ठेवायचं की इथून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे गेलं तर कोणतं बटण येईल. म्हणजे मेनू बनवणारा माणूस आधी कागदावर रस्ते आखायचा.

त्याआधी आपल्याकडे व्हीसीडी होती. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत मेनूची सोय होती, पण बाण नव्हते, आकडे होते. पडद्यावर १, २, ३ दिसायचं आणि रिमोटवर तोच आकडा दाबायचा. ही साधी गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली.

या मर्यादांमध्ये काहींनी खरोखर कल्पक कामं केली. ‘मेमेंटो’च्या २००२ सालच्या विशेष डीव्हीडीचा मेनू मानसशास्त्रीय चाचणीच्या कागदांसारखा आहे. उत्तरं देत देत सिनेमापर्यंत पोचावं लागतं. ज्याला काही लक्षात राहत नाही अशा नायकाचा गोंधळ बघणाऱ्याच्या वाट्याला आधीच येतो. ‘फाइट क्लब’च्या २००९ सालच्या ब्लू-रेवर आधी दुसऱ्याच एका हलक्याफुलक्या प्रेमपटाचा मेनू दिसतो आणि आपण चुकीची डिस्क आणली की काय असं वाटेपर्यंत तो टिकतो. सिनेमातलाच खोडसाळपणा उंबरठ्यावर आणून ठेवलेला. हे मेनू मला आवडतात. पण आता ते आठवताना आईचा चेहरा समोर येतो. फायलींच्या त्या यादीपुढे ती बसली होती तेव्हा ‘मेमेंटो’चाच मेनू तिच्या वाट्याला आला होता, फक्त तो कुणी कल्पकतेने केलेला नव्हता.

डीव्हीडीच्या मेनूचं गुणगान करताना एक पापही सांगायला हवं. डिस्क बनवणारा ठरावीक वेळी रिमोटची बटणं निकामी करू शकत असे. प्रताधिकाराचे इशारे, कंपनीची बोधचिन्हं, पुढच्या सिनेमांच्या जाहिराती हे सगळं बघितल्याशिवाय पहिलं पान येतच नसे. डिस्क विकत आणणाऱ्याला चोरी न करण्याचा उपदेश सक्तीने ऐकावा लागायचा आणि ज्याने खरोखर चोरलेली प्रत लावली त्याचा सिनेमा लगेच सुरू व्हायचा. म्हणजे मेनू हा आतिथ्याचा उंबरठा होता तसाच नाकाही होता.

गाण्यांची यादी

आपल्याकडच्या डिस्कांच्या मेनूत एक खास गोष्ट असायची. बाहेरच्या डिस्कवर ‘सीन्स’ असतं, आपल्याकडे त्याच्या शेजारी ‘साँग्ज’ असायचं, कित्येकदा तेच आधी. मोझर बेअरने २००७च्या सुमारास अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी आणि चौतीस रुपयांना डीव्हीडी विकायला सुरुवात केली, आणि डिस्क भाजीच्या पिशवीतून घरी येऊ लागली. त्या काळात आमच्याकडे आलेल्या स्वस्त डिस्कांवर मेनूला कुणी फारसा वेळ दिलेला दिसत नसे. नायक-नायिकेचं कापून चिकटवलेलं चित्र, ‘प्ले’ आणि ‘साँग्ज’. संपलं.

मला ते तेव्हा गबाळं वाटायचं. आता वाटतं की त्यात एक प्रामाणिक वाचन होतं. सिनेमाचे भाग पाडणं ही तांत्रिक गोष्ट नाही. कुठे कापायचं आणि त्या तुकड्याला काय नाव द्यायचं हे ठरवणारा माणूस सिनेमाचा अर्थ लावत असतो. डेव्हिड लिंच यांनी ‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या डीव्हीडीवर भाग पाडूच दिले नाहीत, ते याच कारणाने. सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग बघायची गोष्ट आहे असं त्यांचं म्हणणं. हीसुद्धा एक टीका आहे, आणि मेनू बनवणाऱ्याने ती मनावर घ्यायला हवी. उलट ‘साँग्ज’ म्हणणारी डिस्क सांगते की हा सिनेमा तुम्ही एकदा बघितलेला आहे, आता तुम्ही त्याच्याकडे परत परत याल ते गाण्यांसाठी. आपल्या घरांत सिनेमा खरोखर तसाच बघितला जात होता.

पण प्रत्येक वाचन काहीतरी झाकतं. गाण्यांच्या यादीने काय झाकलं जातं ते मला ‘संत तुकाराम’चा मेनू करताना कळलं.

फाइलला दार नसतं

त्याआधी एक प्रश्न. उतरवून घेतलेल्या सिनेमाला मेनू का नसतो? तांत्रिक अडचण नव्हती, हे गंमतशीर आहे. क्विकटाइममध्ये १९९८पासून चित्रफितीच्या आतच क्लिक करता येणारी बटणं ठेवता येत होती. एमपेग-४ या प्रमाणाच्या मूळ कल्पनेतच दृश्याची मांडणी आणि बघणाऱ्याचा हस्तक्षेप यांच्यासाठी वेगळी भाषा आहे. डिव्हएक्सने २००५मध्ये एकाच फायलीत मेनू, भाग आणि सबटायटलं बसवणारा साचा काढला. मत्रोस्का, म्हणजे आपण ज्याला ‘एमकेव्ही’ म्हणतो तो साचा, रशियन बाहुलीवरून नाव घेतलेला. बाहुलीत बाहुली तसं त्यातही भागांच्या आत आज्ञा ठेवायची तरतूद आहे, अगदी डीव्हीडीच्या मेनूच्या आज्ञासुद्धा.

सप्टेंबर २००९मध्ये ॲपलने ‘आयट्यून्स एक्स्ट्राज’ आणलं. विकत घेऊन उतरवलेल्या सिनेमाबरोबर एक गाठोडं यायचं. ते उघडलं की आत साधी वेबपानं. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट, चित्रं. ज्याला वेबपान करता येतं त्याला सिनेमाचा मेनू करता येईल, इतकी ती सरळ कल्पना होती, आणि काही महिन्यांत ॲपलने तसे नमुने आणि मार्गदर्शनही प्रसिद्ध केलं. चार रंगांच्या त्या डागापासून सुटका झाली होती. अक्षरं हवी तशी, हालचाल हवी तशी.

मग हे सगळं रुजलं का नाही? माझं उत्तर असं आहे. डीव्हीडीचा मेनू कोणत्याही कंपनीच्या प्लेअरवर चालायचा, कारण तो प्रमाणाचाच भाग होता. दुकानातून आणलेली डिस्क आणि प्लेअर यांचा एकमेकांशी धंदेवाईक संबंध नव्हता. उतरवलेल्या सिनेमाच्या बाबतीत प्रत्येक मेनू एका दुकानाचा झाला. त्या दुकानाच्या प्रोग्रॅमबाहेर त्याला अर्थ नाही. जे साचे सर्वांसाठी खुले होते त्यांच्यात मेनूची जागा होती, पण ती वाचणारे प्लेअर जवळपास नव्हते. दार बनवायची कला सगळ्यांना ठाऊक होती, भिंतीत चौकट ठेवायला मात्र कुणी तयार नव्हतं.

आणि मग स्ट्रीमिंग आलं. तिथे मेनू आहेच, उलट तिथे सबंध घरच मेनू आहे. पण तो सिनेमाचा नाही, दुकानाचा आहे. नेटफ्लिक्सने २०१७मध्ये स्वतःच लिहून सांगितलं की एकाच सिनेमाचं चित्र वेगवेगळ्या प्रेक्षकांना वेगवेगळं दाखवलं जातं, ज्याला जे बघून मोह होईल ते. म्हणजे पहिलं पान आता सिनेमाकडे बघून ठरत नाही, माझ्याकडे बघून ठरतं. ते माझ्यासाठी थांबतही नाही. जरा थबकलं की झलक आपोआप वाजू लागते. श्रेयनामावली सुरू झाली की ती कोपऱ्यात आक्रसते आणि पुढचं काहीतरी पुढे येतं. आईच्या कुकरला तिथे जागा नाही.

पहिला मेनू

‘संत तुकाराम’ मी निवडला तो आईसाठी. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचा प्रभातचा हा सिनेमा १९३६चा. १९३७मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात तो गाजला. भारतात चित्रपटाचा प्रताधिकार प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा प्रत उतरवून घेताना मनाला काही लागलं नाही. आईने तो लहानपणी गावच्या जत्रेत कनातीत बघितला होता.

पहिला प्रयत्न मी डीव्हीडीच्याच वाटेने केला. एका मोफत प्रोग्रॅममध्ये मेनू करून त्याची डिस्कप्रतिमा बनवायची. त्या प्रोग्रॅममध्ये माझी जोडाक्षरं फुटली. ‘प्रारंभ’ लिहिलं की ‘प’ एकीकडे, ‘र’ दुसरीकडे. मग अक्षरं चित्रातच रंगवून घेतली. सगळं झाल्यावर कळलं की टीव्ही पेनड्राइव्हवरची डिस्कप्रतिमा उघडतच नाही. मग एक जुना लॅपटॉप आईच्या टीव्हीला केबलने कायमचा जोडला आणि ॲपलचीच जुनी युक्ती उचलली. सिनेमाची फाइल आणि एक वेबपान एकाच फोल्डरमध्ये. पान ब्राउझरमध्ये पूर्ण पडदाभर उघडायचं. बटण दाबलं की सिनेमा अमुक सेकंदापासून सुरू. यासाठी लागणारं जावास्क्रिप्ट वीस ओळींच्या वर जात नाही.

तंत्र सोपं असल्याने हात मोकळे झाले आणि मी सुटलो. मागे इंद्रायणीचं पाणी हळूहळू हलणारं. त्यावर वहीची पानं तरंगत येणार आणि प्रत्येक पानावर एका अभंगाचं पहिलं चरण. टाळांचा आवाज. बाण हलवला की पान उलटणार. भाग पाडले ते अभंगांप्रमाणे, कारण हा सिनेमा अभंगांचाच आहे असं मी धरून चाललो होतो. विष्णुपंत पागनीसांचा तो आवाज, केशवराव भोळ्यांचं संगीत. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी लिहिलेला एक अभंग लोक तुकारामांचाच समजू लागले, ही हकीकत तर मी एका वेगळ्या बटणामागे लिहून ठेवली. उजव्या कोपऱ्यात खाली बारीक अक्षरांत माझं नाव.

आईने तो बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, “छान केलंयस. सुरू कुठून करायचं?”

मी दाखवलं. सिनेमा सुरू झाला, आणि त्याची पहिली काही मिनिटं बघताना मला खुर्चीत बसवेना.

ज्यांनी तो बघितलाय त्यांना आठवत असेल. सुरुवातीला तुकाराम अभंग गातात, डोळे मिटून, जवळजवळ न हलता. मग तोच अभंग देवळात सालोमालो गातो. हातवारे, ताना, ऐकणाऱ्यांकडे बघत बघत. आणि शेवटी स्वतःचं नाव घालतो. शब्द तेच, पण दामले-फत्तेलालांनी दोन गाणी शेजारी ठेवून सगळा सिनेमा कशाबद्दल आहे ते सांगून टाकलंय. भक्ती आणि तिचं प्रदर्शन यांतला फरक पहिल्या काही मिनिटांत कॅमेऱ्याने दाखवला आहे.

तरंगती पानं, टाळांचा आवाज, कोपऱ्यातलं नाव. मी सालोमालोचा मेनू केला होता.

जिजाईला भाग नाही

दुसरा दोष त्याहून मोठा होता, आणि तो आईने दाखवला. सिनेमा अर्धा झाल्यावर कुणीतरी आलं म्हणून तिने थांबवला. दुसऱ्या दिवशी तिला पुढचं बघायचं होतं. मी अभंगांची यादी लावून दिली. ती म्हणाली, “यात ते कुठाय? ती पोराला घेऊन देवळात जाते ते?”

ते कुठेच नव्हतं. जिजाईचं जवळजवळ सगळं गद्यात आहे. म्हैस, घरातली उपासमार, नवऱ्याने वाटून टाकलेलं धान्य, तोंडाचा पट्टा. आजारी मुलाला घेऊन ती देवळात जाते आणि हातात वहाण घेऊन विठोबाला जाब विचारते, तो या सिनेमातला मला सर्वांत थोर वाटणारा क्षण. गौरी या नटीने तो असा केलाय की अभिनय चाललाय हे विसरायला होतं. अभंगांप्रमाणे भाग पाडले की हा क्षण दोन गाण्यांच्या मधली भरताड जागा होतो. माझ्या यादीत तुकाराम होते, आणि त्यांच्या संसारासकट जिजाई गाळली गेली होती. सिनेमाने तसं केलेलं नाही. सिनेमा दोघांना सारखी जागा देतो. वैकुंठाची हाक आली तरी ती संसार सोडून निघत नाही, आणि तिच्या या न निघण्याला सिनेमा हसत नाही. ही समज त्यात आहे म्हणून तो नुसता संतपट राहत नाही.

मी कागद-पेन घेऊन आईशेजारी बसलो आणि सिनेमा पुन्हा लावला. “कुठे थांबलो असं तुला सांगायचं असेल तर काय म्हणशील?” ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. म्हैस. पोरगं आजारी. वहाण. ती नाचणारी बाई येते ते. वह्या बुडवल्या. राजा आला. विमान.

तिच्या यादीत एकही अभंग नव्हता. विचारलं तर म्हणाली, “गाणी काय, येतातच मधे.” मला हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला गाण्यांची यादी लागते त्याला सिनेमातून गाणी वेगळी काढायची असतात. आईला ती वेगळी काढायची नव्हती. तिला आपण गोष्टीत कुठे आहोत ते कळायला हवं होतं.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. आईची यादी हेही एक वाचनच. त्यात तुकारामांचं अंतर्मन कुठे आहे? इंद्रायणीकाठी उपाशी बसलेल्या कवीची व्यथा ‘वह्या बुडवल्या’ या दोन शब्दांत कशी मावणार? मावत नाही. पण भागाच्या नावाने ती मावून घ्यावी अशी अपेक्षाच मुळात चूक आहे. माझ्या पहिल्या मेनूत प्रत्येक नाव अर्थ सांगायला धावत होतं. आईची नावं फक्त जागा दाखवतात, गावात शिरताना कुणी ‘वडापासून डावीकडे’ सांगावं तशी. अर्थ सिनेमाने सांगायचा आहे.

मंदाकिनीचा चेहरा

उंबरठा कसा असावा याचं उत्तर मला शेवटी आणखी जुन्या सिनेमात सापडलं. फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ १९१९चा. त्यात कृष्णाचं काम त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी हिने केलंय. सिनेमा सुरू होतो तो गोकुळात नाही. आधी मंदाकिनीच दिसते, स्वतःच्या रूपात. कॅमेऱ्यासमोर ती एकामागून एक भाव दाखवते, हसते, रुसते, घाबरते. मग त्या मुलीच्या जागी हळूच कृष्ण उमटतो.

संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार आणि नटी आधी नट म्हणूनच येतात, मग नाटक सुरू होतं. फाळक्यांनी तीच रीत पडद्यावर आणली. तिथे कथेबद्दल एक शब्द नाही, सजावट नाही. एक चेहरा आहे, तो आता कुणीतरी दुसरा होणार आहे, आणि त्या आधीचा एक क्षण आपल्याला दिलेला आहे. सिनेमाच्या दारात उभं करण्यासाठी याहून जास्त काही लागत नाही. आणि हे दार सिनेमाच्या आतच असल्याने ते कोणत्याही साच्यात, कोणत्याही प्रतीत, शंभर वर्षांनीसुद्धा शाबूत आहे. मेनू सिनेमाचा भाग आहे का, या माझ्या प्रश्नाला फाळक्यांनी आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. तो सिनेमातूनच निघाला तर आहे, नाहीतर नाही.

दुसरा मेनू मी एका दुपारात केला. मागे सिनेमातलं एकच स्थिर चित्र, म्हशीजवळची जिजाई. खाली मोठ्या देवनागरी अक्षरांत: १ सुरुवातीपासून. २ जिथे थांबलो तिथून. ३ भाग. बाण काढून टाकले, व्हीसीडीचे आकडे परत आणले. आकड्यांचा एक स्वस्त बिनतारी कीपॅड घेतला आणि कळांवर मराठी आकड्यांचे कागद चिकटवले. कोपऱ्यातलं नाव गेलं.

संगीत ठेवायचं की नाही हे माझ्या हातात राहिलंच नाही. माणसाने एखादी कळ दाबल्याखेरीज पानाने आपणहून आवाज करू नये असा नियम ब्राउझरांनी काही वर्षांपूर्वी घातला, जाहिरातींच्या गोंगाटाला आळा म्हणून. त्यामुळे माझं पहिलं पान मुकं झालं. आधी मी त्यावर पळवाट शोधत होतो, मग सोडून दिली. सिनेमातला पहिला आवाज पागनीसांचा असावा, माझ्या टाळांचा नको.

एक चूक तरीही राहिली होती. सिनेमा संपला की काय व्हावं? डीव्हीडी पहिल्या पानावर परतायची, साधी फाइल थेट यादीत फेकून द्यायची. मीही संपल्या क्षणी पान परत आणलं होतं. विमान गेलं, आणि लगेच आकड्यांची पाटी. आई एकदम म्हणाली, “जरा थांबू दे की.” मेनूचा विचार करणारे आम्ही सगळे आत शिरायच्या दाराचाच विचार करत असतो, बाहेर पडायचं दार राहूनच जातं. आता सिनेमा संपल्यावर तीन मिनिटं पडदा काळा राहतो. मग जिजाईचं चित्र येतं, आकडे त्याच्याही नंतर.

आतापर्यंत अकरा सिनेमे झाले आहेत. प्रत्येकाचे भाग आईशेजारी बसून पाडायचे असल्याने महिन्याला एकाच्या वर होत नाहीत, आणि पेनड्राइव्हवरचे बाकीचे पन्नास तसेच आहेत. हे कुणाला विकता येण्यासारखं नाही आणि माझ्या लॅपटॉपबाहेर ते चालेल याचीही खात्री नाही. पण गेल्या महिन्यात मी न सांगता घरी पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. टीव्हीवर जिजाई आणि म्हैस, आवाज नाही. आई स्वयंपाकघरात होती. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत मी ते चित्र बघत बसलो. मग ती हात पुसत आली, मला बघून म्हणाली, “बस, लावतेच आहे,” आणि तिने दोनचा आकडा दाबला.